दोन अंगठे एकाच रेकॉर्डवर

प्रिय,

तुझं आणि तुझ्या जोडीदाराचं रेकॉर्डिंग ऐकलं. हात तयार आहेत दोघांचे, त्यात वाद नाही. पण दोन गिटार वाजतायत हे कळायलाच मला अर्धं गाणं लागलं. खाली तोच बेस, वर तीच चाल, कॉर्डही त्याच फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या त्याच पट्टीवर. अख्खा अल्बम असाच करायचा बेत असेल तर जरा थांबा आणि आधी 'द अ‍ॅटकिन्स-ट्रॅव्हिस ट्रॅव्हलिंग शो' ऐका. चेट अ‍ॅटकिन्स आणि मर्ल ट्रॅव्हिस या दोन अमेरिकन गिटारवादकांची १९७४ ची रेकॉर्ड आहे. कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत, म्हटल्यावर तू नाक मुरडणार, ठाऊक आहे. तरी ऐक.

मर्ल ट्रॅव्हिस हा केंटकीतल्या म्यूलनबर्ग काउंटीचा, कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या बापाचा मुलगा. अंगठ्याने बेस चालता ठेवायचा आणि तर्जनीने चाल काढायची, ही त्या मुलखातली पद्धत. तिचा माग आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकापर्यंत जातो. पुढे मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली यांचं बघून ट्रॅव्हिसने ती उचलली. चेट अ‍ॅटकिन्स टेनेसीचा, त्याच्याहून साडेसहा वर्षांनी लहान. दम्यामुळे तो वडिलांकडे जॉर्जियाला राहायला गेला होता. तिथे रात्री सिनसिनाटीच्या रेडिओ स्टेशनवर ट्रॅव्हिस लागायचा. रेडिओवर हात कुठून दिसणार? एकट्या गिटारमधून एवढं सगळं निघतंय म्हणजे अंगठ्याबरोबर दोन-तीन बोटं तरी चालत असणार, असं पोराने गृहीत धरलं आणि तसा रियाज केला. ट्रॅव्हिस वाजवत होता अंगठा आणि एकच बोट!

तुझ्यासारख्या हाताशी व्हिडिओ असलेल्या पोराने ही गोष्ट नीट ऐकावी. चेटला ट्रॅव्हिसचा हात दिसला असता, तर कदाचित आपल्याला दुसरा ट्रॅव्हिस मिळाला असता आणि अ‍ॅटकिन्स मिळाला नसता.

आता रेकॉर्ड लाव आणि फक्त अंगठे ऐक. ट्रॅव्हिसचा अंगठा एका तारेवर समाधान मानत नाही, दोन-तीन तारांवरून घासत जातो. त्यामुळे ठेका जाड येतो, जवळजवळ तालवाद्यासारखा. चेटचा अंगठा एकेक तार वेचून घेतो आणि वर बोटांमध्ये सूर सुटे, स्वच्छ पडतात. 'कॅननबॉल रॅग' ट्रॅव्हिसचीच, तिच्यापासून सुरुवात कर. तोवर चेट आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या नॅशव्हिल कारभारातला बडा अधिकारी झाला होता आणि ट्रॅव्हिस त्याचं दैवत होतं. मुलीचं नावसुद्धा त्याने मर्ल ठेवलं होतं. अशा वेळी माणूस एक तर लोटांगण घालतो, नाहीतर आपण किती पुढे गेलो ते दाखवत सुटतो. चेटने दोन्ही केलं नाही. या रेकॉर्डच्या निर्मितीत गिटारवादक जेरी रीड होता. त्याच्याबरोबर चेटने १९७० मध्ये 'मी अँड जेरी' केली होती, तीही याच कामासाठी ऐकण्यासारखी आहे. ट्रॅव्हलिंग शोला ग्रॅमी मिळालं. ते नसतं मिळालं तरी मी तुला हीच ऐकायला सांगितली असती.

तुमच्या रेकॉर्डिंगमधला गोंधळ मुख्यतः खालच्या सुरांच्या तीन जाड तारांवर आहे. तळव्याची कड ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगाला टेकतात त्या पट्टीवर, टेकवून बेस दाबता, ते बरोबर. पण तू कड किंचित पुढे ठेवतोस, म्हणून सूर मरतो. तुझा जोडीदार मागे ठेवतो, म्हणून सूर घुमतो. त्यात दोन अंगठे एका ठोक्यावर केसभर पुढेमागे पडले की प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो आणि चाल अडखळल्यासारखी वाटते. मेट्रोनोम लावून हे पूर्ण जाणार नाही. एका वेळी एकाच्याच अंगठ्याने बेस सांभाळायचा, दुसऱ्याने तेवढ्या वेळात तो सोडून द्यायचा. कधी सोडायचा हे आधी ठरवा, वाजवताना भिडेखातर नको.

दुसरं, जागा बदला. तू ई मध्ये उघड्या तारांवर वाजवत असशील तर त्याला चौथ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून सी कॉर्डच्या आकारात वाजवू दे. स्वर तोच राहील, पण त्याच्या उघड्या तारा वर सरकतील आणि तुझ्या बेसला मोकळी जागा मिळेल. रेकॉर्ड करताना एकाला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे ठेवा आणि हेडफोनवर तपासा. बुजुर्ग मंडळी याला नाकं मुरडतात, पण मला यात गैर काही दिसत नाही.

आणि टॅब, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेले कागद, थोडे दिवस बंद. एक गाणं दोघांनी वेगवेगळं, नुसत्या कानाने बसवा. एकमेकांना विचारू नका, एकमेकांचा हातही बघू नका. जिथे तुमचं जुळणार नाही ते लगेच दुरुस्त करायला जाऊ नका, तसंच घेऊन या. रविवारी दुपारनंतर मी मोकळा आहे. कॅपो माझ्याकडे एकच आहे, तुमचा आणा.

तुझा,
सर