हॉटेलातले रिकामे शिंपले समुद्रात टाकले की कालवं (ऑयस्टर, शिंपल्यातले खाण्याचे जीव) परत येतात का?

येतात, पण नुसते नेऊन ओतले तर नाही. न्यूयॉर्क बंदरात 'बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट' २०१४पासून हेच करतोय. रेस्टॉरंटमधून आलेले शिंपले आधी जवळपास वर्षभर उघड्यावर उन्हापावसात पडून राहतात, म्हणजे चिकटलेलं मांस आणि रोगजंतू जातात. मग टाक्यांत त्यांच्यावर कालवांची पिल्लं सोडतात. दोनतीन आठवडे तरंगून झालं की पिल्लू कडक जागा शोधतं आणि तिथेच जन्मभरासाठी चिकटतं. एकेका शिंपल्यावर अशी कितीतरी. शिंपले धुणं, जाळीच्या पेट्यांत भरणं हे स्वयंसेवक आणि शाळकरी मुलं करतात. अंगमेहनत आहे, फोटोपुरतं जाऊन भागत नाही. आणि हो, ही कालवं खायची नाहीत! जोराचा पाऊस झाला की तिथे सांडपाणी थेट बंदरात येतं.