मॉडेल एकच ठेवा, मायग्रेशन मात्र प्रत्येक डेटाबेसची वेगळी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ॲप्लिकेशन ईएफ कोअरवर (कोडातल्या क्लासमधून डेटाबेस हाताळणारी डॉटनेटची लायब्ररी) आहे, जुन्या ग्राहकांकडे एसक्यूएल सर्व्हर, नव्या ग्राहकाला पोस्टग्रेस हवं, टेस्ट एसक्यूलाइटवर. मायग्रेशनचा, म्हणजे डेटाबेसची रचना टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या कोडाचा, फोल्डर एकच ठेवून आत प्रोव्हायडरप्रमाणे (त्या त्या डेटाबेसशी जोडणाऱ्या पॅकेजप्रमाणे) इफ-एल्स घातलं तर चालेल का?

सुरुवातीला चालेल. पुढे स्नॅपशॉट फाइल, म्हणजे मागच्या मायग्रेशनपर्यंतच्या मॉडेलची नोंद, अडवेल. नवं मायग्रेशन तयार करताना ईएफ कोअर प्रत्यक्ष डेटाबेस बघतच नाही, ते आजचं मॉडेल (कोडात मांडलेली टेबलांची रचना) स्नॅपशॉटशी ताडून फरक काढतं. त्या फाइलमध्ये कॉलमचे टाइप एकाच प्रोव्हायडरचे असतात. स्नॅपशॉट एसक्यूएल सर्व्हरचा आणि कमांड पोस्टग्रेस लावून चालवली, की जवळपास प्रत्येक कॉलम बदललाय असं टूलला वाटतं आणि पानंच्या पानं अल्टर कॉलम हातात येतात.

म्हणून डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा क्लास) आणि एन्टिटी (टेबलांचे क्लास) एका प्रोजेक्टात राहू द्या आणि मायग्रेशनसाठी प्रत्येक डेटाबेसचा स्वतंत्र प्रोजेक्ट करा. कोणता वापरायचा ते मायग्रेशन्स असेम्ब्लीच्या सेटिंगमध्ये ठरतं. ईएफ कोअर 5 पासून कमांडमध्ये दोन डॅशनंतर लिहिलेलं ॲप्लिकेशनपर्यंत पोचतं, प्रोव्हायडर तिथे सांगा. बदल एक, कमांड दोन, दोन्हीकडे मायग्रेशनचं नाव तेच. कुणीतरी एक बाजू विसरणारच. ईएफ कोअर 8 मध्ये मॉडेलचे बदल मायग्रेशनविना राहिलेत का हे तपासणारी कमांड आली आहे, ती सीआयमध्ये (कोड जमा होताच आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) दोन्ही प्रोजेक्टवर लावा.

टेक्स्ट कॉलमकडे तर आपण मराठी माणसांनी डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. एसक्यूएल सर्व्हरवर यूटीएफ-8 कोलेशन (मजकूर साठवण्या-ताडण्याचे नियम) नसताना कुणी कॉलमचा टाइप हाताने व्हारचार लिहिला, तर देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. तिथे एनव्हारचार हा युनिकोडचा टाइपच हवा. पोस्टग्रेसमध्ये व्हारचारची लांबी अक्षरचिन्हांत मोजतात, ओरॅकलमध्ये डीफॉल्ट सेटिंगला बाइटमध्ये. 'श्रीकृष्ण' हे नाव युनिकोडची 9 चिन्हं, यूटीएफ-8 मध्ये 27 बाइट. म्हणजे 20 लांबीच्या कॉलमात ते पोस्टग्रेसवर आरामात बसतं आणि ओरॅकलवर एरर देतं. एसक्यूलाइट ही लांबी तपासतच नाही, त्यामुळे तुमच्या टेस्ट हिरव्याच राहतील.

एवढ्यासाठी तरी मायग्रेशनच्या टेस्ट एसक्यूलाइटवरून काढा. त्याचं अल्टर टेबल तोकडं आहे, बऱ्याच बदलांना ईएफ कोअर पूर्ण टेबल नव्याने बांधतं. प्रॉडक्शनमध्ये ते घडणारच नाही, मग टेस्ट कशाची झाली? कंटेनरमध्ये (टेस्टपुरत्या उभारलेल्या वेगळ्या वातावरणात) खरा एसक्यूएल सर्व्हर आणि खरं पोस्टग्रेस उभं करा. रिकाम्या डेटाबेसवर आणि मागच्या रिलीजच्या डेटाबेसवर, दोन्हीवर चालवून बघा.

पोस्टग्रेसवर मोठ्या टेबलला इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) द्यायचा तर कॉन्करन्टली वापरा, म्हणजे टेबलवरचं लेखन अडत नाही. पण ती कमांड ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द करणाऱ्या गटात) चालत नाही. तिच्यासाठी वेगळं मायग्रेशन करा, त्यात ट्रान्झॅक्शन बंद ठेवा. मध्येच फसलं तर मागे इनव्हॅलिड इंडेक्स उरतो, तो काढून पुन्हा चालवा. उद्या मायएसक्यूएलवाला ग्राहक आला तर हीच काळजी सगळीकडे घ्यावी लागेल, कारण तिथे टेबल बदलणारी प्रत्येक कमांड आपोआप कमिट, म्हणजे लगेच पक्की, होते. पाच बदलांतला तिसरा फसला तर पहिले दोन तसेच राहतात. एका मायग्रेशनमध्ये एकच बदल ही सवय आत्तापासून लावा.

आता आहे त्यातून बाहेर कसं पडायचं? एसक्यूएल सर्व्हरची सध्याची मायग्रेशन्स स्नॅपशॉटसकट नव्या प्रोजेक्टात हलवा, पण त्यांचे आयडी अजिबात बदलू नका. ग्राहकांच्या हिस्टरी टेबलात (कोणती मायग्रेशन्स चालली याची नोंद) तेच नोंदलेले आहेत. ते बदलले तर जुनी मायग्रेशन्स पुन्हा चालायला जातील. पोस्टग्रेसवर जुना इतिहास उगाळायची गरज नाही, आजच्या मॉडेलवरून एकच पहिलं मायग्रेशन काढा.