लेवीयमध्ये अडकलेल्या वाचकासाठी

प्रश्न : ताई सलाम, मी कसबा बावड्याची, आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलला शिकवते. नोहा, योना, दानीएल या गोष्टी लहानपणापासून पाठ आहेत पण एकाला एक जोडता येत नाहीत. दर जानेवारीत बायबल पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, वाचायला घेते आणि तिसऱ्या पुस्तकात, लेवीयमध्ये, येऊन अडकते, मग परत वचन कॅलेंडर नाहीतर व्हॉट्सॲपवर येणारं रोजचं वचन. आमचे पाळकसाहेब म्हणतात पवित्र शास्त्र म्हणजे देवाची एकच गोष्ट. मला मात्र ६६ वेगवेगळी पुस्तकंच दिसतात. कसं वाचू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सलाम. पाळकसाहेब बरोबर सांगतायत, आणि तुम्ही जिथं अडकता ना, तिथूनच ते सगळ्यात चांगलं दिसतं.

लेवीयच्या आधीचं पुस्तक निर्गम, त्याचा शेवटचा, ४० वा अध्याय काढा. निवासमंडप, म्हणजे देवाच्या वस्तीचा तंबू, उभा राहिलाय, ढग खाली आलाय, परमेश्वराच्या तेजाने मंडप भरून गेलाय आणि मोशेला आत जाता येत नाही. जो डोंगरावर देवाशी बोलला तोच बाहेर उभा! आता लेवीयचं पहिलं वाक्य वाचा, परमेश्वर दर्शनमंडपातून (त्याच तंबूचं दुसरं नाव) मोशेला हाक मारतो, आणि मग सरळ लेवीयनंतरच्या पुस्तकाच्या, गणनाच्या, पहिल्या वाक्यावर जा, तिथं तो मोशेशी दर्शनमंडपात बोलतो. मधे काय झालं? लेवीय झालं. म्हणजे ते बळी, ते याजकांचे नियम, जे आपण कंटाळून भराभर उलटतो, ते सगळं एकाच गोष्टीसाठी आहे, की ज्या लोकांनी आत्ताच सोन्याचं वासरू करून त्याच्यापुढं नाच केला त्यांच्यात पवित्र देव राहणार कसा. आणि हा रस्ता लोकांनी शोधलेला नाही हं, देव स्वतः सांगतोय.

आता थोडं मागं चला. एदेन बागेत देव माणसाबरोबर होता, माणूस बाहेर गेला आणि वाटेवर करूब, म्हणजे पंखांचे स्वर्गीय पहारेकरी, पहाऱ्याला बसले. निवासमंडपात परमपवित्रस्थानापुढं, म्हणजे सगळ्यात आतल्या खोलीपुढं, जो पडदा होता त्याच्यावर काय विणलं होतं? करूबच (निर्गम २६). त्या पडद्याआड मुख्य याजक वर्षातून एकच दिवस जायचा, रक्त घेऊन, ते लेवीयच्या १६ व्या अध्यायात आहे. येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला असं मार्क लिहितो. आणि प्रकटीकरण २१ मध्ये देवाची वस्ती माणसांत येते, त्या नगरात मंदिरच नाही, गरजच उरलेली नाही. मला हे पहिल्यांदा सलग दिसलं तेव्हा लेवीय माझं आवडतं पुस्तक झालं, खरंच सांगते.

वचन कॅलेंडर काढून टाका असं मी म्हणणार नाही, माझ्याही स्वयंपाकघरात आहे. पण यिर्मया २९:११ घ्या, देवाचे आपल्याविषयीचे चांगले संकल्प, नवीन वर्षाच्या वचन कार्डात हमखास निघतं. ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं वाक्य आहे आणि त्याच्या आदल्याच ओळीत ७० वर्षं थांबावं लागेल असं सांगितलंय. म्हणजे ऐकणाऱ्यातले कितीतरी जण बाबेलातच मरणार होते, त्यांना सांगितलंय घरं बांधा, बागा लावा, त्या शहरासाठी प्रार्थना करा. एवढं वाचलं की ते वचन माझ्या प्रमोशनचं राहत नाही, अब्राहामाला दिलेला शब्द देव बाबेलातसुद्धा सोडत नाही असं ते होतं, आणि माझ्या मते त्यात जास्त आधार आहे. तो शब्द पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांसाठी होता (उत्पत्ती १२:३). १८५२ साली रॉयल वाइल्डर आपल्या कोल्हापुरात मिशनरी म्हणून आले ते याच शब्दाच्या मागं मागं, म्हणजे बावड्यातले तुम्हीसुद्धा या गोष्टीत आहात.

आता संडे स्कूलचं. आपण मुलांना सारखं सांगतो दावीदासारखे धीट व्हा, अब्राहामासारखा विश्वास ठेवा. पण अब्राहामाने जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगितलं, तेही दोनदा, आणि दावीदाने आपल्याच सैन्यातल्या उरीयाला मारवून त्याची बायको घेतली. ही माणसंच हिरो असतील तर निम्मे अध्याय मुलांपासून लपवावे लागतील. मत्तय लपवत नाही, येशूच्या वंशावळीत पहिल्याच पानावर उरीयाच्या बायकोचा उल्लेख करतो, कारण गोष्ट चुकणाऱ्या माणसांना न सोडणाऱ्या देवाची आहे. म्हणून मी काय करा म्हणते, धडा कुठलाही असू दे, मी काय करू हा प्रश्न दुसरा ठेवा, पहिला प्रश्न देव इथं काय करतोय.

या जानेवारीत आधी लूक २४ वाचा. उठलेला येशू अम्माऊसच्या वाटेवर त्या दोघांना मोशेपासून सुरू करून सगळ्या शास्त्रातलं स्वतःविषयीचं समजावून सांगतो, तेवढं डोक्यात ठेवून मग उत्पत्ती काढा. रोज एकच वचन न घेता एका बैठकीत तीन चार अध्याय सलग वाचा, सगळं कळलं नाही तरी थांबू नका, आणि लेवीयला पोचलात की निर्गमचा शेवट आणि गणनाची सुरवात दोन्हीकडं बोट घालून ठेवा. मोठ्या मुलांना एस्तेरचं पुस्तक द्या. मूळ इब्री (हिब्रू) एस्तेरमध्ये देवाचं नाव एकदाही येत नाही, आपल्या मराठी शास्त्रातही तेच पुस्तक आहे. पोरांना म्हणा, देव कुठं कुठं दिसतोय ते पेन्सिलीने खूण करून आणा, आणि काय काय खुणा आल्या ते मला जरूर लिहून पाठवा.