मुस्लिम देश युरोपियन युनियनसारखे आर्थिक आणि राजकीयदृष्ट्या एकत्र येऊ शकतील का?

सगळेच्या सगळे? नाही, माझ्या हयातीत तरी नाही. आखातातल्या सहा देशांचं (सौदी अरेबिया, अमिरात, कतार, कुवेत, बहारीन, ओमान) अर्धंमुर्धं जमेल, आर्थिक बाजूने बरंचसं जमलंही आहे. मी काही वर्षं कतारमध्ये, दोह्यात कार्गो क्लिअरिंगच्या धंद्यात होतो, त्यामुळे आखाताबद्दल जरा जास्त बोलेन.

आधी ‘सगळे’ म्हणजे किती ते बघू. इस्लामी सहकार्य संघटनेचे, म्हणजे ओआयसीचे, ५७ सदस्य आहेत. १९६९ मध्ये जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीला आग लागली, त्यानंतर मोरोक्कोत रबातला परिषद भरली आणि तिथे ही संघटना निघाली. त्या परिषदेत पाकिस्तानने हट्ट धरून भारताच्या शिष्टमंडळाला बसू दिलं नव्हतं. पन्नास वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच ओआयसीच्या अबू धाबीच्या बैठकीत सुषमा स्वराज सन्माननीय पाहुण्या होत्या आणि रुसून घरी बसले ते पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री. यजमानांना भारताशी व्यापार हवा होता, विषय संपला. सदस्यांत इंडोनेशिया आहे, नायजर आहे, अल्बानिया आहे, पार दक्षिण अमेरिकेतलं सुरिनामही आहे. इतक्या लांबलांबच्या देशांची एक संसद आणि एक चलन कोण चालवणार? ठराव मात्र ढिगाने होतात.

बरं, धर्मासोबत भाषाही एक असली तर? तेही करून झालंय. १९५८ मध्ये इजिप्त आणि सीरियाने मिळून संयुक्त अरब प्रजासत्ताक केलं, इजिप्तचे नासेर अध्यक्ष. सीरियातले राजकीय पक्ष बरखास्त झाले, दमास्कसमध्ये इजिप्तचे अधिकारी हुकूम सोडू लागले आणि १९६१ मध्ये सीरियन लष्कराने बंड करून काडीमोड घेतला. मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशिया, लिबिया, मॉरिटानिया यांनी १९८९ मध्ये मगरेब संघ स्थापन केला. त्यातल्या मोरोक्को आणि अल्जेरियाची आपसातली सीमा १९९४ पासून बंद आहे. १९७१ चं पाकिस्तान तर आपल्याला सांगायलाच नको.

जमलेलं एकच मोठं उदाहरण आहे, आणि ते लोक विसरतात: संयुक्त अरब अमिरात. १९६८ मध्ये ब्रिटिशांनी आखातातून निघणार असं जाहीर केलं, तेव्हा नऊ शेखांची बोलणी सुरू झाली. बहारीन आणि कतार बाजूला झाले, डिसेंबर १९७१ मध्ये सहा अमिराती एकत्र आल्या आणि दोन महिन्यांनी रास अल खैमाही आली. हे टिकलं याचं कारण सरळ आहे. तेल अबू धाबीकडे होतं आणि तिथले शासक शेख झायेद ते पैसे बाकीच्यांवर खर्च करायला तयार होते. वर दुबईला मान दिला: महत्त्वाच्या ठरावाला सातांपैकी पाच मतं लागतात आणि त्यात अबू धाबी आणि दुबई दोन्ही असावी लागतात. थोरल्याने खिशात हात घातला आणि धाकट्याला नकाराधिकारही दिला. सौदीने बाकी पाच देशांसाठी हे कधी केलेलं नाही.

म्हणून तर सामायिक चलन बारगळलं. आखाती सहकार्य परिषद, म्हणजे याच सहा देशांची संघटना, १९८१ ची, आणि २०१० पर्यंत एकच चलन आणायचं ठरलं होतं. ओमान आधीच बाहेर पडला. २००९ मध्ये मध्यवर्ती बँक सौदीच्या राजधानीत, रियाधला होणार हे ठरलं आणि अमिरातही बाहेर पडली. तांत्रिक अडचण फारशी नव्हती, कारण कुवेत सोडून सगळ्यांची चलनं डॉलरलाच बांधलेली आहेत. गंमत म्हणजे आखातात एकेकाळी सामायिक चलन होतंच: आपला रुपया! सोन्याच्या तस्करीत परकीय गंगाजळी आटायला लागली, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या, क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर घालून. १९६६ च्या अवमूल्यनानंतर तिथून रुपयाचा गाशा गुंडाळला गेला.

आता जून २०१७. ऐन रमजानात सौदी, अमिरात, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. कतारला जमिनीवरून बाहेर पडायचा एकच रस्ता, सौदीच्या हद्दीवरचा सलवा नाका, तो बंद. दुकानांतून सौदीचं अल-मराईचं दूध बघता बघता गायब झालं आणि त्या जागी विमानाने आलेलं तुर्की दूध लागलं. लेबल कुणाला वाचता येईना, झाकणाच्या रंगावरून साय काढलेलं कोणतं ते आम्ही ओळखायचो. आमचे कंटेनर दुबईच्या जेबेल अली बंदरात अडकले. मग ओमानच्या सोहारमार्गे माल फिरवला, पुढे न्हावाशेवाहून थेट दोह्याच्या हमद बंदरासाठी जहाजं सुरू झाली. हे सगळं एकाच ‘सामायिक बाजारपेठे’च्या सदस्यांमध्ये चाललं होतं, बरं का. पण त्याच काळात डॉल्फिन पाइपलाइनमधून कतारचा गॅस अमिरातीला रोज जात राहिला, एक दिवस खंड नाही. दुबई-अबू धाबीची बरीचशी वीज त्यावर चालायची, आणि कतारला गिऱ्हाईक हवं होतं.

त्यामुळे मला विचाराल तर जे काही एकत्र येईल ते याच वाटेने: वीजजाळं जोडलेलं आहेच, रेल्वे होईल, पर्यटकांसाठी एक व्हिसा होईल. त्यातही खोडे आहेत. २०२१ मध्ये सौदीने नियम बदलला, फ्री झोनमध्ये (करसवलतीच्या खास क्षेत्रांत) बनलेल्या मालाला सीमाशुल्कात सवलत बंद. अमिरातीचा अर्धा धंदा फ्री झोनवर उभा आहे, तेव्हा रोख कुणावर होता हे आमच्या ऑफिसातल्या चहावाल्यालाही कळलं असतं.

राहता राहिला ‘इस्लामी नाटो’. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी-पाकिस्तान संरक्षण करार झाल्यापासून आपल्याकडच्या चॅनेलांना हा शब्द फार आवडलाय. तो दोन देशांचा करार आहे, पैसा एकाचा आणि फौज दुसऱ्याची. आणि २०१५ मध्ये येमेनच्या युद्धासाठी सौदीने हीच फौज मागितली होती, तेव्हा पाकिस्तानच्या संसदेने तटस्थ राहायचा ठराव केला होता.