तिरडीशेजारचा हिशेब

प्रश्न : आमच्या हौशी मंडळाचं नवं नाटक बसतंय. म्हातारा आतल्या खोलीत शेवटच्या घटका मोजतोय आणि बाहेर तीन मुलगे, दोन सुना, एक जावई द्राक्षबागेच्या वाटणीवरून भांडतायत. मी थोरल्या सुनेचं काम करते. तालमीत आमची हसून मुरकुंडी वळते, पण परवा ओळखीची माणसं बघायला बोलावली तर कुणी हसलंच नाही. एक मावशी 'मरणाची चेष्टा करता' म्हणत उठून गेल्या. सहा महिन्यांपूर्वी माझे सासरे गेले, त्यामुळे मलाही ते लागलं. हे नाटक करावं का? आणि मंजुरीचं काय?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, नाटक कराच. फक्त तालमीत तुम्ही हसता ना, तिथंच पाणी मुरतंय. सांगलीच्या भावे नाट्यमंदिराच्या विंगेत उभं राहून मी हे कितीदा पाहिलंय : नटाला हसू आलं की प्रेक्षकाचं जातं. त्या घरातल्या कुणालाच आपण विनोदी आहोत हे माहीत नसतं. जावयाला बागेतल्या चार ओळी खरोखरच हव्या असतात.

माझ्या वडिलांच्या दहाव्याला आम्ही कृष्णेच्या घाटावर होतो. पिंड मांडलेले, ऊन डोक्यावर आलेलं, कावळे समोरच्या झाडावर बसलेले. खाली उतरायला तयार नाहीत. काका हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनींना अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. आत्या म्हणाली, "धाकट्याचं लग्न आम्ही करू." तरीही नाही. शेवटी थोरला भाऊ पुटपुटला, "अण्णा, घर विकणार नाही." शेजारून धाकटा म्हणाला, "मोठ्यानं म्हण, सगळ्यांना ऐकू जाऊ दे." आईनं पदर तोंडाला लावला. आम्हाला वाटलं रडतेय. ती हसत होती, आणि मग त्याच पदरात रडली. अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला. परतताना गाडीत वाद पेटला : खरा कावळा शिवलाच नाही, मग घराचा शब्द बांधील की नाही? त्या दिवशी वडिलांची चेष्टा कुणीच केली नव्हती.

सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' हे नाटक 1974 साली आलं. त्यात मेलेला भाऊराव स्वतःच कीर्तन करतो आणि मला जुन्याच स्मशानात जाळा म्हणून अडून बसतो. ते स्मशान तर बंद झालेलं. हसू येतं ते मुलाची आणि चाळकऱ्यांची जी तारांबळ उडते तिला. प्रेतालाही हट्ट आहे, म्हणून ते माणूस वाटतं. तुमच्या म्हाताऱ्याला असं काय हवंय? त्याला नुसता कण्हत ठेवू नका. एखादी साधी मागणी द्या. गरम पेज म्हणा.

मग ती पेजेची वाटी तुमच्या हातात द्या. तुम्ही आत निघता, तेवढ्यात धाकटी जाऊ विहिरीचा विषय काढते. तुम्ही थांबता, उत्तर देता, पेज निवते. परत गरम करायला जाता. दुसऱ्यांदा जावई अडवतो. आतून काठी आपटल्याचा आवाज येतो, सगळे क्षणभर गप्प होतात आणि पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा वाटी घेऊन निघता तेव्हा काठीचा आवाज येत नाही. तिथं एकही वाक्य घालू नका, लेखकानं लिहिलं असलं तरी. वाटी धरून उभ्या राहा. आधी पोटभर हसलेला प्रेक्षकच तिथं गप्प होईल.

मावशींना पुन्हा बोलवा आणि नेमक्या कुठल्या जागी उठल्या ते विचारा. माझा अंदाज, कुणीतरी घरघर लागल्याची नक्कल करत असणार. ती काढून टाका. ज्यानं घरच्या माणसाची घरघर ऐकलीय त्याला ती सोसवत नाही, आणि सभागृहात अशी माणसं बरीच असतात.

मंजुरीचं सोपं आहे : लेखकाची लेखी परवानगी घ्या आणि संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र मिळवा. हे शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

राहिलं तुमच्या सासऱ्यांचं. सहा महिने म्हणजे काहीच नाही, ताई. तालमीत रडू आलं तर येऊ द्या, दिग्दर्शकाला तसं आधीच सांगून ठेवा. आणि आतल्या खोलीतल्या त्या काठीसाठी घरातली, त्यांचीच काठी न्यायचा विचार असेल, तर आधी सासूबाईंना विचारा. त्या नको म्हणाल्या तर बाजारातून दुसरी आणा.