मुंबईत (शक्यतो पार्ल्याच्या आसपास) सगळ्यात चांगलं थाई रेस्टॉरंट कोणतं?

विलेपार्ले, दोघांचं बजेट तीन हजार, बायको शाकाहारी, तुम्ही सगळं खाता, आणि जेवण 'ऑथेंटिक' हवं. हा शेवटचा शब्द वाचला म्हणून लिहायला बसले, नाहीतर हॉटेलं सुचवायच्या भानगडीत मी पडत नाही.

पैशांचा विचार नसेल तर कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातलं थाई पॅव्हेलियन. शेफ आनंदा सोलोमन यांनी ते १९९३ साली सुरू केलं, आणि मुंबईकरांच्या जिभेला थाई चव लागली ती बरीचशी तिथे. पुढे त्यांनीच अंधेरीला विमानतळाजवळ थाई नाम काढलं, ते तुम्हाला जवळ पडेल. पण ही दोन्ही मोठ्या हॉटेलांतली ठिकाणं, तीन हजारांत दोघांचं भागणं कठीण. माझं मत वांद्र्याच्या हिल रोडवरच्या सीफाला. शेफ स्वतः थाई बाई आहेत. तिथे जपानी पदार्थही मिळतात, त्या पानावर जाऊ नका.

आता ऑथेंटिकचं. माझं माहेर माहीमचं आणि सासर तुमच्याच पार्ल्यातलं, तेव्हा काय ते समजून घ्या. आमच्या धाकट्या भावजींना बढती मिळाली तेव्हा त्यांनी सगळ्या घराला एका मॉलमधल्या 'पॅन-एशियन' हॉटेलात नेलं. मेनूत सुशी, मोमो, खाओ सुए आणि थाई करी, सगळं गुण्यागोविंदाने एका पानावर. मी सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची तिखट कोशिंबीर, मागवलं. कंपनीने मला बँकॉकला पाठवलं होतं तेव्हा ऑफिसखालच्या गाडीवर मी हेच खायचे. गाडीवरची बाई मातीच्या उखळीत लाकडी मुसळाने लसूण-मिरची ठेचायची, मग त्यात चवळीच्या शेंगा, सोडे, शेंगदाणे, ताडगूळ, लिंबू, फिश सॉस आणि शेवटी कच्च्या पपईचा कीस. एका हाताने ठेचायचं, दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालवर करायचं. तिखट इतकं की डोळ्यांतून पाणी, तरी हात थांबत नसे.

मॉलमध्ये आला तो कोबी-गाजराचा कीस, वर स्वीट चिली सॉस. पपई कुठाय विचारलं तर वेटर म्हणाला, "मॅडम, आज पपई आली नाही." ठीक. म्हटलं, मग फिश सॉस तरी आणा. तो आत गेला तो बऱ्याच वेळाने सोया सॉसची बाटली घेऊन बाहेर आला. मी ती परत पाठवली. तेवढ्यात भावजी सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, इथे तरी मासळी बाजार नको." सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत, हे मी विसरलेले नाही.

तेव्हापासून प्रत्येक गणपतीला आमच्याकडे हा वाद निघतो. भावजींच्या मते थाई जेवण म्हणजे नारळाचं दूध आणि गवती चहा. त्याला मासळीचा वास आला तर तो स्वयंपाक्याचा दोष. अहो, फिश सॉस म्हणजे बारीक मासे मिठात घालून वर्षभर मुरवलेलं पाणी, तिकडे तेच मिठाच्या जागी वापरतात. करीच्या वाटणातही जवळ्यासारख्या इवल्या कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. नारळाचं घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवायचं, त्यात हे वाटण परतायचं, मग खाडकन वास उठतो. तो वास म्हणजेच ती करी. भावजींना आवडते ती हिरवी करी म्हणजे डब्यातलं नारळाचं दूध, साखर आणि वर एक पान. घरात बोंबील तळले की खिडक्या लावून घेणाऱ्या माणसाने थाई जेवणावर बोलूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून कुठल्याही नव्या ठिकाणी करी मागवू नका, करीत सगळं झाकून जातं. आधी सोम तम मागवा. नंतर पाड क्रपाव, म्हणजे लसूण-मिरचीवर परतलेला खिमा, वर तळलेलं अंडं आणि आत मूठभर तुळस. हो, तुळसच, आपल्या वृंदावनातल्या तुळशीची सख्खी बहीण. हे मी सासरी एकदा बोलून बसले, पुन्हा विषय काढलेला नाही. मुंबईत बहुतेक ठिकाणी त्याऐवजी गोडसर बेझिल घालतात. तेवढं चालवून घ्या, पण पपईऐवजी कोबी चालवून घेऊ नका.

एक सांगायचं राहिलं. थायलंडमध्ये शाकाहार नाही असं नाही. फुकेतला दरवर्षी नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव असतो, तेव्हा दुकानांवर पिवळे झेंडे लागतात. त्या जेवणात मांस-मासे-अंडी-दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही, म्हणजे जवळजवळ आपलं जैन. पण तिथले आचारी टोफू, मशरूम आणि सोयाबीनचे सॉस घेऊन त्या जेवणाला त्याची स्वतःची चव आणतात, वरून गोड सॉस ओतून मोकळे होत नाहीत. हे भावजींना अजून कळलेलं नाही, आणि माझ्याकडून कळणारही नाही.

तुमच्या मिसेसचं म्हणाल तर नुसतं 'व्हेज' सांगून थांबू नका. फिश सॉस नको हे वेगळं सांगा आणि करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट आहे का ते विचारा. वाटण आधीच करून ठेवलेलं असतं, आयत्या वेळी त्यातून काही काढता येत नाही. शाकाहारी वाटण वेगळं ठेवत असतील तर वेटर लगेच सांगतो. तो घुटमळला तर त्यांच्यासाठी टोफू-मशरूम परतून घ्या आणि करी तुम्ही खा. हिल रोडला शनिवारी गाडी नेऊ नका, पार्किंगपायी भूक मरेल. वांद्रे स्टेशनवरून रिक्षा करा. सोम तम दोन मागवा, मिसेसचं सोडे आणि फिश सॉस वगळून. उखळी एकच असेल तर त्यांचं आधी ठेचायला सांगा.