बोरिक आम्लाचे अनुमापन कुठे चुकते?

प्रश्न : बोरिक आम्लात तीन ओएच गट आहेत, तरी ते एकच प्रोटॉन देते, असे का? फिनॉल्फ्थेलिन हा रंग बदलणारा दर्शक घालून अनुमापन (थेंबाथेंबाने अल्कली घालून आम्लाची मोजणी) केले की गुलाबी रंग हळूहळू चढतो आणि दरवेळी वेगळे वाचन येते. काय चुकते?

उत्तर : हे आम्ल पाण्यात स्वतःचा हायड्रोजन सोडतच नाही. मधल्या बोरॉनकडे तीनच संयुजा इलेक्ट्रॉन असतात. तीन बंध झाले तरी त्याच्याभोवती सहाच इलेक्ट्रॉन जमतात. एक पी-कक्षक रिकामे उरते. तिथे पाण्यातला हायड्रॉक्साइड येऊन बसतो आणि पाण्याचाच प्रोटॉन सुटतो. जागा एक, म्हणून प्रोटॉनही एक.

शिवाय आम्ल फार दुर्बल, पीकेए (आम्लाची तीव्रता दाखवणारा आकडा; जितका मोठा तितके आम्ल दुर्बल) ९.२४. फिनॉल्फ्थेलिन ८.३ सामूला (पीएच) रंगू लागते, तेव्हा जेमतेम दहा टक्के आम्ल संपलेले असते. तुमचा हात चुकत नाही, मॅनिटॉल हा साखरेसारखा पदार्थ घालायचा राहिला आहे. त्याचे शेजारचे दोन ओएच गट बोरॉनला चिमट्यासारखे धरतात, आम्ल बरेच तीव्र होते आणि एका थेंबाला रंग पालटतो.

०.१५ ग्रॅम बोरिक आम्ल उकळून गार केलेल्या ५० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. ५ ग्रॅम मॅनिटॉल आणि दर्शकाचे दोन-तीन थेंब घाला. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सुमारे २४.३ मिलि लागले पाहिजे. रंग आला की लगेच वाचन लिहू नका. आणखी १ ग्रॅम मॅनिटॉल टाका. रंग गेला तर अनुमापन पुढे चालू ठेवा, टिकला तरच थांबा. न उकळलेल्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड अल्कली खातो, वाचन वाढते. द्रावण गरम असेल तर मॅनिटॉलची बोरॉनवरची पकड सैल पडते. मॅनिटॉलऐवजी ग्लिसरॉल चालते, पण ते अनेकदा किंचित आम्लधर्मी असते. आधी त्याच दर्शकाने उदासीन करून घ्या.

प्रश्न : टाकणखाराचेही (बोरॅक्स) असेच करायचे का?

उत्तर : दोन टप्प्यांत. ०.२ ग्रॅम स्फटिक टाकणखाराला मिथिल रेड हा दुसरा दर्शक घालून ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे १०.५ मिलि लागते. मग मॅनिटॉल आणि फिनॉल्फ्थेलिन घालून त्याच फ्लास्कमध्ये ०.१ मोलर अल्कली. ती बरोबर दुप्पट, म्हणजे २१ मिलि लागते, कारण एका टाकणखाराला हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन रेणू लागतात आणि त्यातून बोरिक आम्लाचे चार रेणू निघतात. मधे कार्बन डायऑक्साइड घालवायला द्रावण उकळत असाल तर थोडाच वेळ उकळा. वाफेबरोबर बोरिक आम्लही उडते आणि दुसरे वाचन कमी येते.